एकमताची भीती

वर्गात एक डेस्क रिकामं आहे. हरवलेल्या मुलीच्या शोधात बेटावर आलेला पोलीस सार्जंट मुलींना विचारतो, रोवन मॉरिसन तुमच्याच वर्गातली ना? सगळ्या माना हलवतात. नाही. मग हे डेस्क कुणाचं? कुणाचंच नाही. तो झाकण उचलतो. आत एक खिळा ठोकलेला, खिळ्याला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला जिवंत भुंगा. भुंगा एकाच दिशेने गोल गोल फिरतोय आणि प्रत्येक फेरीला दोरा खिळ्याला गुंडाळला जाऊन आखूड होतोय. शेवटी बिचारा खिळ्याला घट्ट चिकटतो, असं शेजारची मुलगी मजेत समजावून सांगते. मग सार्जंट हजेरीपट हिसकावून घेतो. त्यात रोवनचं नाव असतं.

१९७३ सालच्या ‘द विकर मॅन’ या ब्रिटिश चित्रपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शॅफर यांची. आज ‘फोक हॉरर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा साचा बराचसा याच चित्रपटाने पाडला. दूरचं बेट किंवा रानातली वस्ती, बाहेरून आलेला एक माणूस, हसतमुख गावकरी, ख्रिस्ती धर्माच्या आधीचे देव, गाणी, फुलं, सण आणि सणाच्या दिवशी बळी. २०१९ मध्ये अॅरी अॅस्टर यांच्या ‘मिडसोमार’ने हाच साचा नव्या पिढीपर्यंत नेला आणि त्यानंतर अशा चित्रपटांची रीघच लागली.

त्या वर्गात भीती कशाची वाटते? तिथे देवाची मूर्ती नाही, वेदी नाही, रक्ताचा थेंब नाही. बाई आणि मुली एकच खोटं एकाच सुरात, हसऱ्या चेहऱ्याने सांगताहेत, एवढंच. एकाही पोरीची जीभ अडखळत नाही. या चित्रपटप्रकाराला सापडलेली खरी गोष्ट ही आहे: सगळ्यांचं एकमत झालं की समोरच्या माणसाला सत्य सिद्ध करायला जागाच उरत नाही. माझी तक्रार अशी की, एवढी मोठी गोष्ट हाती लागूनही बहुतेक चित्रपट तिचं खापर चुकीच्या डोक्यावर फोडतात. एकमत नव्हे, तर जुने देव आणि आडगावची माणसं गुन्हेगार ठरतात. प्रेक्षकही समाधानाने घरी जातो, कारण गुन्हेगार त्याच्यासारखा दिसत नसतो.

हे खापर आलं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. ‘विकर मॅन’ म्हणजे वेताचा माणूस, आणि चित्रपटाच्या शेवटी सार्जंटला अशाच पुतळ्यात जाळतात. वेताच्या अवाढव्य पुतळ्यात माणसं कोंडून जाळायची, ही कल्पना प्रसिद्ध झाली ती ज्युलियस सीझरमुळे. गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेवर त्याने लिहिलेल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात हे वर्णन आहे. शक्यतो चोर-दरोडेखोर जाळतात, ते कमी पडले तर निरपराधांनाही जाळतात, असंही तो म्हणतो. सीझर तिथे लोकजीवनाचा अभ्यास करायला गेला नव्हता. तो देश जिंकायला गेला होता आणि हे लिखाण रोममधल्या वाचकांसाठी होतं. असा पुतळा जाळल्याचा कोणताही पुरावा उत्खननात मिळालेला नाही. पुढे १६७६ मध्ये आयलेट सॅम्स या इंग्रज लेखकाच्या ग्रंथात या पुतळ्याचं चित्र छापलं गेलं. हातापायांत, छातीत माणसं भरलेली ती आकृती तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांत बसली आणि तीनशे वर्षांनी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

रोमन लोकांचे हात तरी कुठे स्वच्छ होते? इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्यांचा धुव्वा उडवला, तेव्हा रोमच्या गुरांच्या बाजारात एक गॉल जोडपं आणि एक ग्रीक जोडपं जिवंत गाडण्यात आलं. रोमन इतिहासकार लिव्हीनेच हे लिहून ठेवलंय आणि असले विधी रोमला शोभणारे नाहीत, अशी पुस्तीही जोडलीय. म्हणजे नरबळी स्वतःच्या शहरात झाला तर तो परक्या चालीचा अपवाद आणि जिंकायच्या मुलखात झाला तर तो तिथल्या लोकांचा स्वभाव. फोक हॉररने हा दुजाभाव जसाच्या तसा उचलला, हे मला फार खटकतं.

दुसरा उगम केंब्रिजमधला. जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० मध्ये आली. प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या नोंदी वाचून, जगभरच्या चालीरीती एकत्र मांडून त्यांनी सिद्धांत रचला: पीक यावं म्हणून पूर्वी राजाचा बळी दिला जाई आणि आजचे शेतकऱ्यांचे सण त्या बळीचे पुसट झालेले अवशेष आहेत. हार्डी आणि शॅफर यांनी हा ग्रंथ पालथा घातला होता. एकदा हा सिद्धांत मानला की मे महिन्यातला खांबाभोवतीचा नाच निरागस राहत नाही, प्रत्येक गाण्याखाली रक्त दिसू लागतं. पुढच्या अभ्यासकांनी हा डोलारा बराचसा पाडला. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी इंग्लंडच्या सणांची कागदपत्रं खणून दाखवलं, की अतिप्राचीन समजल्या जाणाऱ्या कितीतरी चाली मध्ययुगाच्या अखेरच्या किंवा त्याहूनही अलीकडच्या आहेत. मॉरिस नृत्य या इंग्रजी लोकनृत्याची लेखी नोंद पंधराव्या शतकाच्या मागे जात नाही. पडद्यावर मात्र फ्रेझर अजून जिवंत आहेत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्राचीन युरोपात नरबळी नव्हतेच, असं म्हणायचंय का? तसं म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात लिंडो मॉस या दलदलीत एका पुरुषाचं शव सापडलं. डोक्यावर घाव, गळ्याभोवती आवळलेली दोरी, कापलेला गळा. हा बळी असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं आणि काहींना पटत नाही. विधीच्या नावाखाली माणसं मारली गेली असणार, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे. ज्यांच्याविषयीचं जवळजवळ सगळं लेखन त्यांच्या शत्रूंनी किंवा त्यांच्यानंतर आलेल्या धर्माच्या लोकांनी केलं, त्यांना क्रौर्याचा मक्ता देणं हा न्याय नव्हे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकाच्या आरोपाखाली अंदाजे चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य बायका होत्या. ही माणसं न्यायालयांच्या निकालांनी, रीतसर साक्षी-पुरावे नोंदवून मारली गेली. मारणारे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीचे देव मानणारे, नव्हते आणि मरणारेही नव्हते. चेटकिणी म्हणजे गुप्तपणे टिकून राहिलेल्या जुन्या धर्माच्या उपासक, हा मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलेला सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच फेटाळला आहे.

आता मूळ ‘विकर मॅन’कडे परत जाऊ, कारण त्याच्यावर असा अन्याय करण्यात अर्थ नाही. तो स्वतः शहाणा आहे, विसराळू आहेत ते त्याचे चाहते आणि अनुकरण करणारे. समरआइल बेटाचा मालक लॉर्ड समरआइल (ही भूमिका ख्रिस्तोफर ली यांची) सार्जंटला शांतपणे बेटाचा इतिहास सांगतो. १८६८ मध्ये त्याच्या आजोबांनी हे ओसाड बेट विकत घेतलं. आजोबा शेतीशास्त्रज्ञ, धर्म न मानणारे. स्कॉटलंडच्या हवेत तग धरतील अशा फळांच्या जाती त्यांनी तयार केल्या. पण बेटावरच्या मरगळलेल्या माणसांकडून काम कसं करून घ्यायचं? त्यांना त्यांचे जुने आनंदी देव परत देऊन. म्हणजे या बेटावरचा धर्म हजारो वर्षं जपलेला नाही. तो एका जमीनमालकाने मजुरांना हुरूप यावा म्हणून, सोय पाहून आणवलेला आहे. आजोबांनी जे सोयीसाठी केलं ते वडिलांनी प्रेमाने चालू ठेवलं, असं नातू सांगतो.

संपूर्ण चित्रपटाचं मर्म या एका संवादात आहे आणि बहुतेक प्रेक्षक त्यावरून पुढे सरकतात. सफरचंदाचं पीक बुडालंय. ते का बुडालं? फळझाडं त्या हवेतली नाहीत म्हणून, असं सार्जंट ओरडून सांगतो. शेतीशास्त्रज्ञाच्या नातवाला हे कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण ते मान्य केलं तर बेटाची सगळी व्यवस्था, तिच्यावरची त्याची मालकी आणि आजोबांचं थोरपण कोसळतं. त्यापेक्षा एक परका माणूस जाळणं स्वस्त. सार्जंट मरताना त्याला बजावतो, की पुढच्या वर्षीही पीक आलं नाही, तर हे लोक तुझाच बळी मागतील. त्या क्षणी लॉर्ड समरआइलच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते नीट पाहावं. देवाचा कोप होईल म्हणून घाबरलेला चेहरा नाही तो. आपणच चालू केलेलं एकमत उद्या आपल्यावर उलटू शकतं, हे त्याला उमगलेलं असतं.

चित्रीकरण स्कॉटलंडमध्ये १९७२च्या शरद ऋतूत झालं आणि कथा मे महिन्यातली, म्हणून झाडांना खोटा मोहोर चिकटवावा लागला. बेटावरचा धर्मही असाच वरून चिकटवलेला आहे आणि पटकथा ते लपवत नाही. नंतरच्या अनेक चित्रपटांनी मोहोर तेवढा घेतला, तो चिकटवणारा हात गाळला. मग उरतात ती फक्त भयंकर माणसं: कुणी शिकवलं, कुणाचा फायदा, पहिला बळी कुणी सुचवला, यातलं काहीही विचारायची सोय नसलेली.

या प्रकाराचे आद्य म्हणून जे तीन चित्रपट नेहमी एकत्र सांगितले जातात, त्यांतच तीन वेगळी उत्तरं आहेत. ‘विकर मॅन’चं आपण पाहिलं. मायकेल रीव्ह्ज यांच्या १९६८च्या ‘विचफाइंडर जनरल’मध्ये पेगन कुणी नाहीच. १६४५च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व भागात गावोगाव फिरून, पैसे घेऊन चेटकिणी शोधून देणारा मॅथ्यू हॉपकिन्स हा त्यातला खलपुरुष आणि तो इतिहासात खरोखर होऊन गेला. गावकरी त्याला बोलावतात, माहिती पुरवतात आणि फाशी पाहायला जमतात. तिसरा, १९७१चा ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’, मात्र सरळ सांगतो की पोरं सैतानाच्या नादी लागलीत आणि हाती तलवार घेऊन आलेला न्यायाधीशच गावाला वाचवेल. पुढच्या काळात जास्त चलती झाली ती या तिसऱ्या उत्तराचीच. मला ही निवड भित्रेपणाची वाटते.

‘मिडसोमार’बद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. त्यातली डॅनी ही अमेरिकी मुलगी आई, वडील आणि बहीण एका रात्रीत गमावून बसलीय. प्रियकर तिला सांभाळतोय तो नाइलाजाने. स्वीडनमधल्या होर्गा नावाच्या काल्पनिक वस्तीत, रात्र न होणाऱ्या उन्हाळ्यात, ती प्रियकराने केलेली फसवणूक डोळ्यांनी पाहते आणि कोसळते. तेव्हा तिथल्या बायका तिला घेरून बसतात. ती हुंदका देते, त्या हुंदका देतात. ती किंचाळते, त्या किंचाळतात. श्वासाला श्वास जुळतो. एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्या दुःखात वाटेकरी झालंय. माणूस गावात सामील होतो तो धाकाने कमी आणि मायेने जास्त, हे इतकं जवळून दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. एकटेपणाने पिचलेल्या माणसाला कुठलंही एकमत घरासारखं वाटू शकतं. अखेरीस प्रियकराचा बळी तीच निवडते, आणि तिथवर आपण तिच्या बाजूने असतो. हा चित्रपट मोठा आहे तो यामुळे.

पण त्याच चित्रपटात बहात्तर वर्षांची झालेली म्हातारी माणसं कड्यावरून उडी घेतात. पुरुष मरत नाही, तेव्हा मोगरीने त्याचं डोकं फोडतात. प्राचीन स्वीडनची प्रथा म्हणून ही गोष्ट पूर्वीपासून सांगितली जाते. तिचा उगम गौत्रेक्स सागा या आइसलँडिक दंतकथेत आहे आणि असं प्रत्यक्षात घडत होतं याचा पुरावा नाही. चित्रपटाला काल्पनिक विधी रचायचा हक्क आहे, तो मी हिरावून घेत नाही. मात्र तो विधी मानववंशशास्त्राचे विद्यार्थी वहीत टिपून घेताना दाखवले, की बनावट गोष्टीवर अभ्यासाचा शिक्का बसतो. आणखी एक. शेवटी आगीत बसलेल्या दोन स्वयंसेवकांच्या जिभेवर झाडाचा रस ठेवतात, भीती वाटू नये, वेदना होऊ नये म्हणून. आग अंगाला लागते आणि त्यातला एक किंचाळतो. रसाचा उपयोग झालेला नाही. बाहेरचा जमाव ती किंकाळी ऐकून स्वतःही किंचाळतो, पण एकाही चेहऱ्यावर शंका येत नाही. ती यायला हवी होती. एवढ्या मोठ्या जमावात एकही माणूस थबकत नाही, हे मला पटत नाही.

शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८च्या ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आली, तेव्हा या साप्ताहिकाकडे संतापलेल्या आणि गोंधळलेल्या पत्रांचा पाऊस पडला. त्या कथेतल्या गावात बँक आहे, पोस्ट आहे, कोळशाचा व्यापार करणारा माणूस सोडत काढतो आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला सगळे मिळून दगडांनी ठेचतात. देवाचं नावही नाही. विधीचे मंत्र लोक विसरलेत, दगड तेवढे लक्षात आहेत. त्या बाईच्या लहानग्या मुलाच्या हातातही कुणीतरी चार खडे देतं, म्हणजे पापाच्या वाट्यातून तोही सुटत नाही. वाचक चिडले, कारण ते गाव त्यांचंच होतं. जुन्या देवांचा पोशाख चढवला असता, तर एवढी पत्रं आली असती असं मला वाटत नाही.

सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं कुणी म्हणेल. त्याला मी एक खरी घटना सांगेन. २७ फेब्रुवारी १९९१च्या पहाटे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांतल्या साउथ रोनाल्डसेवर पोलीस आणि समाजसेवा खात्याचे लोक चार घरांत शिरले आणि नऊ मुलांना घेऊन गेले. संशय असा, की बेटावर गुप्त विधी होतात आणि त्यात मुलांवर अत्याचार होतात. मुलांना मुख्य भूमीवर नेऊन आईबापांपासून तोडून ठेवलं. एप्रिलच्या सुरुवातीला न्यायाधीशांनी कार्यवाही फेटाळली आणि मुलं घरी परतली. पुढे लॉर्ड क्लाइड यांच्या चौकशी अहवालाने या कारवाईवर कडक ताशेरे ओढले. त्या काळात ब्रिटनमध्ये असे आरोप ठिकठिकाणी होत होते. सरकारने मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन यांच्याकडून ८४ प्रकरणं तपासून घेतली. सैतानपूजेचा पुरावा एकातही निघाला नाही. चित्रपटामुळे हे घडलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण दूरच्या बेटावर, आपल्याला न कळणाऱ्या लोकांत असं काही चालत असणारच, हे इतक्या शिकलेल्या माणसांना इतक्या सहज पटलं, ते मनात आधीपासून रुजलेल्या चित्राशिवाय पटलं नसतं. आणि ते चित्र रुजवणाऱ्यांत या कथांचाही वाटा आहे.

आज स्वतःला पेगन म्हणवणारी माणसंही काल्पनिक नाहीत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन नोंदवला. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांच्या संस्थेला सरकारी मान्यता मिळाली ती १९७३ मध्ये, म्हणजे ‘विकर मॅन’ आला त्याच साली. पडद्यावर या श्रद्धेचा अर्थ एकच उरतो, तेव्हा कुठल्या तरी शेजाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

एकमताचे बळी दाखवायचे तर एकमत मोडणारा माणूसही दाखवावा लागतो. खऱ्या इतिहासात तो असतोच. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी झाली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं. त्या खटल्यांतले एक न्यायाधीश सॅम्युअल सूअल १६९७ मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहिले आणि त्यांचा अपराधाचा कबुलीजबाब सगळ्यांसमोर वाचला गेला. त्याहून मोठं नाव अलोन्सो दे सालाझार फ्रियास यांचं. ते स्पेनच्या इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचेच अधिकारी. १६१० मध्ये लोग्रोन्यो इथे बास्क प्रदेशातल्या सहा जणांना चेटकाच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं, तेव्हा न्यायासनावर बसलेल्यांत तेही होते. पुढच्या वर्षी ते त्या डोंगराळ मुलखात गावोगाव फिरले आणि १,८०२ जणांचे जबाब नोंदवले. त्यातली बहुतेक मुलंच होती. चेटकाची म्हणून आणून दिलेली मलमं त्यांनी जनावरांवर तपासली, ती निरुपद्रवी निघाली. चेटकिणींच्या एकाच मेळ्याला हजर होतो म्हणणाऱ्यांना वेगवेगळं विचारलं, तर उत्तरं जुळेनात. लोक चेटकिणींबद्दल बोलू-लिहू लागेपर्यंत तिथे ना चेटकिणी होत्या, ना पछाडलेले, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. बरोबरचे दोन्ही न्यायाधीश विरोधात होते. तरी १६१४ मध्ये माद्रिदच्या सर्वोच्च मंडळाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं आणि अशा खटल्यांना लगाम घातला.

गाव करी ते राव न करी, असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या गावात हजेरीपटातलं नाव मोठ्याने वाचून दाखवणारी एखादी मुलगी असू शकते, हे फोक हॉररच्या पटकथाकारांना अजून सुचलेलं दिसत नाही. तिला वर्गात बसवा. ती गप्प का राहते, कुणाला घाबरते, बोलली तर तिच्या घरावर काय गुदरतं, बोलूनही कुणी ऐकत नाही तेव्हा ती काय करते, हे दाखवा. बाहेरून आलेल्या सार्जंटपेक्षा तिचा धोका कितीतरी मोठा आहे, कारण दुसऱ्या दिवशीही तिला त्याच गावात राहायचंय. तिला पटकथेत जागा दिली, तर मग विधी हवा तेवढा रक्ताळलेला दाखवा, देव हवे तितके जुने आणा, माझी हरकत असणार नाही.